लाल ठिपक्याची अठरा वर्षे

मला लिहिता येऊ लागले त्याला आता पाच वर्षे होतील. आमच्या प्रौढ वर्गाच्या गुरुजींनी सांगितले की, प्रत्येकाने आपल्या पाहण्यातील एका माणसाचे चरित्र लिहावे. ते माणूस मोठे असलेच पाहिजे असे नाही. मी पुष्कळ विचार केला आणि माझ्या धाकट्या भावाच्या बायकोवर लिहायचे ठरवले. नणंदेने भावजयीचे चरित्र लिहावे याची काहींना गंमत वाटेल. मलाही वाटते. परंतु जे मी डोळ्यांनी पाहिले ते मी लिहिले नाही तर दुसरे कुणी लिहिणार नाही.

आम्ही दोघी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला होतो. हा विभाग तळघरात आहे. वरच्या मजल्यांवरील चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेचे हिरवे झगे एका उतरत्या नळकांड्यातून धपकन खाली येऊन पडतात. तेथे बारा महिने वाफ असते, भिंतींवरील फरशा घामेजलेल्या असतात, आणि धुण्याच्या पावडरीचा वास केसांत असा बसतो की तो रविवारीही जात नाही. आम्ही सतरा बायका होतो. मी घड्या घालण्याच्या टेबलावर, तर माझी भावजय धुलाईच्या यंत्रांवर होती.

ती यंत्रे एकवीस वर्षांपूर्वी आली. त्यांच्या बटणांवर इंग्रजी शब्द छापलेले होते आणि आमच्यापैकी एकीलाही कोणतीच अक्षरे वाचता येत नव्हती. यंत्रे बसवणाऱ्या माणसाने बटणे एकदा वाचून दाखवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी भावजयीने घरून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली आणली. ती माझ्या मुलीची होती, आणि ती न विचारता नेली म्हणून मी चार दिवस अबोला धरला होता, हे येथे प्रामाणिकपणे लिहिते. त्या रंगाने तिने चालू करण्याच्या बटणावर एक ठसठशीत ठिपका दिला. बंद करण्याचे बटण काळे होते, ते तसेच ठेवले. नवी बाई कामावर आली की तिला पहिला धडा हाच मिळे : "लाल दिसलं की दाबायचं, यंत्र चालू. काळं दाबलं की बंद." रंग झिजला की भावजय पुन्हा ठिपका देई. अठरा वर्षे आमचा विभाग त्या ठिपक्यावर चालला, आणि एकही चादर वेळेवर वर गेली नाही असे झाले नाही.

पुढे प्रौढ वर्ग निघाला, तेव्हा आम्ही दोघी बरोबरच जाऊ लागलो. वर्षभरात आपली अक्षरे आली. मी तेवढ्यावर समाधान मानले. भावजय मात्र बावन्नाव्या वर्षी इंग्रजीच्या तुकडीत जाऊन बसली. त्या वेळी मी तिला जे बोलले ते आजही मला टोचते.

"काय गं वहिनी, आता ड्युटीला विमानानं जाणार वाटतं?"

"नाही वन्सं," ती म्हणाली, "पण ज्या बटणावर मी सोळा वर्षं बोट ठेवते, त्याचं नाव काय हे कळू तर दे."

गुरुजी त्या तुकडीला सांगत असत : "इंग्रजी कुणाच्या घरची म्हणून शिकू नका. जगात जी यंत्रं, जी औषधं, जी पत्रं इकडून तिकडं फिरतात, त्यांच्या अंगावर ती लिहिलेली असते, म्हणून शिका. दोन अनोळखी माणसं भेटली तर त्यांना उभं राहायला एक पायरी लागते. तेवढी पायरी शिका." भावजयीने हे मनावर घेतले. तिची एक वही होती. पानाच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला आपल्या अक्षरांत त्याचा अर्थ. भाकरी थापावी तशी ती रोज दोन शब्द नेमाने करी.

परंतु कामावर ती एक शब्दही इंग्रजी बोलत नसे. त्याला कारण होते. एकदा पावडरीच्या डब्यावरील शब्द तिने मोठ्याने वाचला : "डेंजर." वाचला बरोबर. नेमके आमचे व्यवस्थापकसाहेब मागे उभे होते. ते म्हणाले, "वा! मॅडमना इंग्रजी आलं. आता आम्ही घरी बसतो." सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढे पंधरा दिवस तिला सगळ्या "मॅडम, मॅडम" करीत होत्या. तेव्हापासून तिने तोंडाला जे कुलूप लावले ते लावले.

दोन वर्षे अशी गेली आणि मग जुनी यंत्रे निघाली. त्यांच्या जागी परदेशातून एक लांबच लांब नवे यंत्र आले. एका टोकाला कपडे धुवायचे, दुसऱ्या टोकाला तापलेल्या रुळांतून इस्त्री होऊन बाहेर पडायचे. ते बसवायला एक परदेशी कारागीर आला. उंच, केस पिकलेले, आणि पँटीला इतके खिसे की हातोडीसाठी तो स्वतःच चार खिसे चाचपे. बायकांनी त्याचे नाव खिसेसाहेब ठेवले. त्याने आपल्या देशाचे नाव मला दोनदा सांगितले, परंतु ते माझ्या जिभेला वळले नाही. एवढे मात्र कळले की त्या देशाची भाषा इंग्रजी नव्हे.

सोमवारी सकाळी व्यवस्थापकसाहेबांनी आम्हा सगळ्यांना ओळीत उभे केले.

"नीट ऐका. हा माणूस चार दिवस इथं आहे. गुरुवारी दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई पाहायला येणार. तुम्ही हे यंत्र तुमच्या हातानं चालवून दाखवलंत, तर काम तुमचं. नाही जमलं, तर हा विभाग बाहेरच्या कंपनीला देणार. त्यांची माणसं तयार आहेत."

"आणि आम्ही साहेब?" आमच्यातील एकीने विचारले. तिला आम्ही रेडिओ म्हणत असू, कारण ती सकाळी सुरू झाली की संध्याकाळीच बंद होई.

"तुम्ही घरी बसून बोला," साहेब म्हणाले.

सतरा बायकांच्या घरी काय काय होते ते मी येथे लिहीत नाही. रेडिओची सासू अंथरुणावर होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शिकवणे सुरू झाले. पद्धत अशी की, खिसेसाहेब व्यवस्थापकसाहेबांना इंग्रजीत सांगणार आणि ते आम्हाला आपल्या भाषेत सांगणार. व्यवस्थापकसाहेबांचे इंग्रजी फार उंची होते. ते नळ फुटल्यासारखे बोलत. खिसेसाहेब कपाळाला आठ्या घालून ऐकत आणि म्हणत, "प्लीज, स्लो." साहेबांना तो अपमान वाटे. ते आणखी मोठ्याने बोलत, परंतु हळू बोलत नसत. त्यामुळे आमच्यापर्यंत जे पोचे ते पावशेर असे.

खरी आपत्ती पुढेच होती. नव्या यंत्रावर चालू करण्याचे बटण हिरवे होते. शेजारी हाताच्या तळव्याएवढे, छत्रीसारखे, लालभडक बटण होते. ते धोक्याच्या वेळी यंत्र जागच्या जागी थांबवण्यासाठी होते. आता आमचे हात कुठे जाणार? अठरा वर्षांची सवय. पहिली बाई पुढे झाली, तिने लाल बटणावर थाप मारली. यंत्र मेले. खिसेसाहेबांनी बटण पिळून वर काढले, यंत्राच्या पडद्यावर काहीबाही केले, रूळ पुन्हा तापेपर्यंत दहा मिनिटे गेली. दुसरी बाई पुढे झाली. तिनेही लाल. रेडिओने तर तीनदा लालच दाबले आणि तिसऱ्या वेळी आपल्याच हातावर चापट मारून घेतली. दुपारपर्यंत यंत्र सात वेळा मेले होते. खिसेसाहेब जमिनीकडे पाहत उभे राहिले.

"पाहिलंत?" व्यवस्थापकसाहेब म्हणाले. "लहान पोराला कळतं, लाल म्हणजे थांबा. यांना नाही कळत. गुरुवारपर्यंत कशाला थांबायचं? मी आजच कंपनीला फोन करतो."

ते फोन करायला वर गेले. चहाची सुट्टी झाली. कुणी कुणाशी बोलेना, रेडिओसुद्धा बंद. खिसेसाहेब चादरींच्या ढकलगाडीवर एकटेच बसले होते. तेव्हा माझी भावजय उठली.

मी चहाचा पेला घेऊन तिच्या मागे गेले. ती त्यांच्यापुढे उभी राहिली. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मला वाटले, झाले, आता हसे होणार. मी हळूच म्हणाले, "वहिनी, चल मागं." तिने मागे न पाहता हाताने मला गप्प केले आणि म्हणाली,

"सर. ओल्ड मशीन. कम."

खिसेसाहेब उठले. मागच्या अंगणात भिंतीला टेकवून जुनी यंत्रे ठेवली होती. तिने बटणावरचा ठिपका दाखवला.

"धिस रेड. आय पुट. रेड इज स्टार्ट. एटीन इयर्स." मग तिने स्वतःचे डोके दाखवून मान हलवली. "हेड, गुड." आणि उजवा हात वर केला. "हँड, ओल्ड."

खिसेसाहेबांनी तो ठिपका नखाने खरवडून पाहिला. आधी ते मोठ्याने हसले. नंतर हसायचे थांबले आणि तिच्याकडे असे पाहू लागले, जणू तळघरात एक दरवाजा आहे हे त्यांना आताच दिसले. ते म्हणाले, "माय इंग्लिश, स्मॉल. फॅक्टरी क्लास. आय वॉज फॉर्टी." एवढे बोलून त्यांनी गुडघ्याजवळच्या खिशातून एक मळकी वही काढली.

मी चहाचा पेला खाली ठेवला आणि वाकून ती वही पाहिली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द होते. उजव्या बाजूला त्यांच्या देशाची अक्षरे होती, मुंग्यांच्या रांगेसारखी, मला एकही न कळणारी. भावजयीने पदराआडच्या पिशवीतून आपली वही काढली. दोघांनी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. उजवी बाजू एकमेकांना परकी होती. डावी बाजू एकच. भावजयीने बोट ठेवून वाचून दाखवले : वॉटर, डोअर, हॉट, स्टॉप. तिच्या वहीत जे, तेच त्यांच्या वहीत. जगाच्या दोन टोकांना दोन वयस्क माणसांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, तेच शब्द गिरवले होते. इंग्रजी त्या अंगणात कुणाच्याच घरची नव्हती. म्हणूनच तिथे कुणाला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही. गुरुजींची ती पायरी मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसली.

"यू," खिसेसाहेब म्हणाले. "आय टेल यू. यू टेल लेडीज. स्लो, स्लो."

व्यवस्थापकसाहेब फोन करून खाली आले, तेव्हा भावजय यंत्रापुढे उभी राहून आम्हाला शिकवत होती आणि खिसेसाहेब तिच्या बाजूला मान डोलावत होते. साहेब काही बोलायला गेले. खिसेसाहेबांनी हात वर करून फक्त म्हटले, "प्लीज. गुरुवार." हा एक शब्द ते आमच्याकडून शिकले होते. कंपनीची माणसे गुरुवारी पाहू, असे म्हणून साहेब वर गेले.

रेडिओने युक्ती सुचवली, "अगं, सोपं आहे. हिरव्यावर लाल ठिपका दे, आणि त्या लालवर काळा रंग फास. झालं!"

"नाही," भावजय म्हणाली. "हे लाल जगात कुठंही गेलीस तरी थांबायचंच आहे. ते पुसायचं नाही. आणि पडद्यावर दर घटकेला नवा शब्द येतो, त्याला किती ठिपके देशील? आता ठिपके पुरे. आधी तोंडानं शब्द म्हणायचा, मग बोट उचलायचं. तोंड पुढं, हात मागं."

"माझं तोंड पुढंच असतं की!" रेडिओ म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा सगळ्या हसल्या.

मंगळवारी आणि बुधवारी आमचे तळघर शाळेसारखे दुमदुमले. "डोअर!" म्हणायचे आणि दार लावायचे. "लॉक!" म्हणायचे आणि खटका ओढायचा. "वॉटर!" "स्टार्ट!" ज्यांना आपल्या अक्षरांचीही ओळख नव्हती त्यांनी इंग्रजी शब्दाचा आकार चित्रासारखा डोळ्यांत साठवला. तरीही हात मध्येच लालकडे धावत. बुधवारी सकाळी रेडिओने "स्टार्ट" म्हणत म्हणत लाल दाबले आणि ती ओक्साबोक्शी रडली. यंत्रावर जायचेच नाही म्हणाली. भावजयीने तिला उठवून मुद्दाम इस्त्रीच्या रुळाजवळ, तिकडच्या दुसऱ्या लाल बटणापाशीच उभे केले. "तुझा हात लालकडेच जातो ना? मग तू लालच सांभाळ. फक्त शब्द बदल. स्टॉप म्हण."

माझा भाऊ शिंपी आहे. त्याला वाचता येत नाही, परंतु कापडावर कोणताही आकार उतरवतो. मंगळवारी संध्याकाळी जेवताना भावजय पुटपुटत होती, तेव्हा तो म्हणाला, "ताई, ही मंत्र म्हणते की मला शिव्या देते?"

"शिव्या द्यायला मला इंग्रजी लागत नाही," भावजय म्हणाली.

तो हसला, आणि त्याने तिच्याकडून चार शब्द कागदावर लिहून घेतले. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याने यंत्रावरच्या सहाजणींच्या एप्रनांवर छातीशी जाड हिरव्या दोऱ्याने ते चार शब्द शिवले.

गुरुवारी दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. व्यवस्थापकसाहेबांची नजर एप्रनांवर गेली आणि त्यांना हसू आवरेना. "हे काय? शब्द उलटे शिवलेत! डोकं खाली, पाय वर!"

भावजय या वेळी गप्प राहिली नाही. "साहेब, वाचायचं आम्हाला आहे," ती म्हणाली, आणि मान खाली घालून आपल्या छातीवरचा शब्द सरळ वाचून दाखवला : "डोअर."

डॉक्टरीणबाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी खाकरून घसा साफ केला.

सहाजणी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. "डोअर!" दार लागले. "लॉक!" खटका बसला. "वॉटर!" पाणी खळाळले. भावजयीने श्वास घेतला. तिचा हात वर गेला आणि क्षणभर दोन बटणांच्या मध्ये थांबला. "स्टार्ट!" ती म्हणाली, आणि बोट हिरव्यावर पडले. यंत्र गुरगुरत सुरू झाले. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाकडून पहिली चादर गरम, कोरी, एका सुरकुतीविना बाहेर आली. ती माझ्या हातात आली तेव्हा मी ती पोरासारखी छातीशी धरली.

चाळीस चादरी झाल्या. मग झगे सुरू झाले. आणि एका झग्याचा बंद रुळाभोवती गुंडाळला गेला. त्याच्यामागे झगा, झग्यामागे तो धरणाऱ्या बाईची बाही ओढली जाऊ लागली. ती बाई ओरडलीही नाही, इतके ते झटकन झाले. तेवढ्यात आवाज आला :

"स्टॉप!"

रेडिओने दोन्ही हातांनी लाल बटणावर थाप मारली. रूळ जागच्या जागी थांबले.

"बघा!" व्यवस्थापकसाहेब म्हणाले. "पुन्हा लाल! मी काय म्हणत होतो?"

"नो!" माझी भावजय म्हणाली. ती धावत रुळापाशी गेली, त्या बाईचा हात मोकळा केला, वर धरून सगळ्यांना दाखवला. हात शाबूत होता. मग ती खिसेसाहेबांकडे आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली. "नो मिस्टेक. टेप इनसाइड. हँड निअर. शी सी, शी स्टॉप. गुड स्टॉप."

"पडद्यावर काय आलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

भावजयीने पडदा वाचला. ते शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. तिने अक्षर अक्षर जुळवले, आणि आम्ही सगळ्या तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. "रोलर. जॅम. चेक, अँड... रिसेट." मग तिने रुळावरचे झाकण उघडून बंद सोडवला, लाल बटण पिळून वर काढले, पडद्यावरच्या शब्दाला बोट लावले आणि म्हणाली, "स्टार्ट."

खिसेसाहेब टाळ्या वाजवू लागले. हातातील पाना खाली पडला तरी ते वाजवतच राहिले. "व्हेरी गुड स्टॉप!" ते रेडिओला म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तिला विचारले, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

तिने भावजयीकडे बोट दाखवले.

"मग कंपनीचं काय काम?" डॉक्टरीणबाई व्यवस्थापकसाहेबांना म्हणाल्या. "बाहेरच्यांना इथं येऊन आधी यांच्याकडूनच शिकावं लागेल. विभाग यांच्याकडंच राहील." नंतर त्या भावजयीकडे वळल्या. "आपल्या दुसऱ्या रुग्णालयात हेच यंत्र येतंय. तिथल्या बायकांना शिकवायला तुम्ही जाल का, मॅडम?"

त्या वेळी 'मॅडम' या शब्दाला कुणी हसले नाही. साहेबही नाही. उलट त्यांनी खाली वाकून तो पाना उचलला आणि भावजयीच्या हातात दिला.

खिसेसाहेब शुक्रवारी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी अंगणातल्या जुन्या यंत्राचे ठिपक्याचे बटण फिरवून काढले, भावजयीला विचारून, आणि खिशात टाकले. रेडिओ म्हणाली, "गेलं ते! इतक्या खिशांत त्यांना परत सापडलं तर शपथ." परंतु ते सापडले असावे. वर्षभराने त्यांच्या कारखान्याकडून पुस्तिका आली. तिच्या पहिल्या पानावर सूचना होती, आणि भावजयीने ती वाचून मला तिचा अर्थ सांगितला : यंत्र बसवण्यापूर्वी कामगारांना विचारा, तुमच्या जुन्या यंत्रावर चालू करण्याची खूण कोणती होती.

माझ्या भावजयीने आजवर चार रुग्णालयांत बायका शिकवल्या आहेत. दोन वेळा परदेशातील कारागीर फोनच्या पडद्यावर तिच्याशी बोलले. ते कोणत्या देशाचे हे तिलाही ठाऊक नव्हते. तिने दोघांनाही आरंभीच बजावले, "सर, स्लो, स्लो," आणि दोघांनीही ऐकले.

मागील महिन्यात मी गुरुजींकडे जाऊन इंग्रजीच्या तुकडीत नाव घातले. माझे वय पासष्ट आहे. नवी वही घेऊन मी घरी आले, तर भावजय दारातच उभी.

"काय वन्सं," ती म्हणाली, "ड्युटीला विमानानं जाणार वाटतं?"

तिने पाच वर्षे हे मनात जपून ठेवले होते! मी वहीचे पहिले पान उघडले, मध्ये रेघ मारली आणि तिच्याच हातात पेन्सिल दिली.

"हो, जाणार," मी म्हणाले. "डाव्या बाजूला 'विंडो' लिहून दे. मला खिडकीजवळची जागा पाहिजे."